उन्हात तडकणारी सीट
सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या दुचाकी पाहिल्या, तर सीटचे रेक्झिन बहुधा शिवणीपाशीच आधी उसवलेले दिसते. माझ्या गाडीचेही तेच झाले आहे. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारी प्लॅस्टिसायझर द्रव्ये उष्णतेने हळूहळू निघून जातात, अतिनील किरणांनी पृष्ठभाग ठिसूळ होतो, आणि नाशिकचा पारा ४० अंशांकडे सरकतो तेव्हा काळे आवरण हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. बसता-उठता ताण पडतो तो नेमका सुईच्या छिद्रांवर. खरा वैताग पावसाळ्यात: भेगेतून शिरलेले पाणी आतला फोम धरून ठेवतो आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या सीटवर बसताच पँट ओली होते. नुसती चिकटपट्टी लावणे मला निरर्थक वाटते. फोम पूर्ण वाळवून मगच नवे कव्हर बसवून घ्यावे.