टोकावर नाही, कानावर

गुरुवारी रात्री गंज सोडवायला डब्ल्यूडी-फॉर्टी मारलं. शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ मारलं, शनिवारी पुन्हा दोनदा. रविवारी साडेसातला पाना लावला तेव्हा डाव्या टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचा, नट बऱ्या बोलानं सुटला. पण टेपर, आतला निमुळता दांडा, जागचा हलेना.

गाडी बाबांची, १९९७ची पांढरी मारुती ८००. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला शिरलं, तेव्हा ती दारातच हेडलाइटपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, सीटा उन्हात वाळवल्या. गाडीच्या पोटाखाली मात्र कुणी डोकावलं नाही. त्यात दर पावसाळ्यात गगनबावड्याच्या फेऱ्या, कारण आजोळ तिकडे. यंदा खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंगमध्ये टकटक जाणवायला लागली. चाक उचलून डावी-उजवीकडून धरून हलवलं तर टाय रॉड एंडला प्ले, म्हणजे ढिलाई, वर-खाली धरून हलवलं तर चाकाखालच्या बॉल जॉइंटलाही.

गॅरेजवाला म्हणाला, गॅस लावून काढतो. नको म्हटलं. मागच्या वर्षी उजव्या बाजूला त्यानं तेच केलं होतं. आचेनं शेजारच्या बॉल जॉइंटचं रबर भाजलं आणि महिन्याभरात ग्रीस बाहेर, चिखल आत.

टाय रॉड एंडचा दांडा निमुळता असतो, पाचरीसारखा. तो बसतो नकलच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागाच्या, बाहेर आलेल्या कानात. त्या कानातलं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की पाचर कानात रुतते आणि मग नट काढला तरी ती सोडत नाही. माणूस काय करतो, तर दांड्याच्या टोकावर घण घालतो. मीही हातोडा उचललाच होता.

शेजारचे मिस्त्रीमामा कट्ट्यावर चहा पीत बसले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांची सगळी नोकरी गेली. ते तिथूनच ओरडले, "ताई, टोकावर मारू नगासा! आटं जातील. कानावर मारा, कानावर!"

मग खाली येऊन त्यांनी दाखवलं. नट उलटा करून दांड्याच्या टोकाशी बरोबर लावला, म्हणजे आटे शाबूत राहतात आणि दांडा सुटताना उसळत नाही. उद्यमनगरातून आणलेला पुलर, सांधा ताणून सोडवायचं अवजार, बसवून त्याचा स्क्रू ताणला. एक जड हातोडा कानाच्या एका अंगाला दाबून धरला आणि समोरच्या अंगावर दुसऱ्या हातोड्यानं ठोके. ठोक्यासरशी कान कणभर दबतो, तेवढ्यात पाचरीची पकड ढिली होते. पहिले आठ-दहा ठोके भरीव, टण्ण. मामा म्हणाले, "आवाज बदलंल बघा." पुलर आणखी पाव फेरा आवळला. पुढच्या ठोक्याला अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कट्ट आवाज आला, माझ्या मनगटावर तांबडी भुकटी सांडली आणि दांडा खाली लोंबला. रबरालासुद्धा धक्का नाही!

रॉडवरून एंड काढताना बाबा खुर्चीत बसून फेरे मोजत होते. सोळा, सतरा, साडेसतरा. खडूनं फरशीवर लिहून ठेवलं. नवा एंड तेवढेच फेरे बसवला, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घ्यायला अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत तरी गाडी सरळ चालते.

बॉल जॉइंटची तऱ्हा वेगळी. तिथे दांडा सरळ, नकलच्या चिरलेल्या कानात बसलेला, आणि आडवा बोल्ट त्याला आवळून धरतो. हा बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पुरता काढावा लागतो. बोल्टाला षटकोनीच गोटी (सॉकेट) लावायची, बारा कोनी रिंग पान्यानं गंजलेला माथा गोल होतो. आधी कणभर आवळला, गंजाची करकर ऐकली, मग सोडला. चिरेत छिन्नी हलकीच, कारण कान मोडला तर अख्खं नकल बदलायचं.

खरा वेळ खाल्ला तो लोअर आर्मच्या, म्हणजे बॉल जॉइंट ज्याच्या टोकाला असतो त्या खालच्या दांड्याच्या, आतल्या बोल्टानं. तो रबरी बुशच्या लोखंडी नळीतच गंजून एकजीव झाला होता. पाना फिरवला की नळीही फिरे, रबर पिळवटून परत मागे येई. शेवटी बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून हॅक्सॉ ब्लेडनं कापला. दोन तास, तीन ब्लेडं. नवा बोल्ट हाय टेन्साइलच, जास्त ताण सोसणारा, घेतला आणि आत जाण्याआधी ग्रीसमध्ये माखला. बुशचा बोल्ट चाक जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर शेवटचा आवळायचा, एरवी नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं.

सोमवारी अलाइनमेंट केलं आणि कळ्यापर्यंत जाऊन आलो. बाबा शेजारच्या सीटवर, प्रत्येक खड्ड्याला कान देऊन. डावी बाजू गप्प आहे. उजव्या बॉल जॉइंटच्या बोल्टावर कालपासून तेल मारायला घेतलंय.