डबीतली धूळ

विदर्भातल्या वणी-घुग्गुस या कोळशाच्या पट्ट्यात हवा मोजायला गेलं की आधी विचारावं लागतं ते लाईटचं. आमच्या सॅम्पलरला, म्हणजे हवेतली धूळ गोळा करणाऱ्या मशीनला, चोवीस तास वीज हवी. एकदा कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत एका शेतकऱ्याच्या स्लॅबवर मशीन चढवलं. ग्रामपंचायतीकडे तक्रार त्यांचीच होती: वेचलेला कापूस काळवंडतो, व्यापारी भाव पाडतो.

मशीन मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतं. आतल्या सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, जाडी धूळ कडेला फेकली जाऊन खालच्या डबीत पडते आणि दहा मायक्रॉनच्या आतली तेवढी पुढे फिल्टर कागदावर बसते. दर आठ तासांनी कागद बदलायचा. दिवसाचे दोन्ही काळपट निघाले, रात्रीचा पिवळसर तपकिरी. रंगावरून रिपोर्टात काही लिहिता येत नाही, पण बाजूच्या वावरात पऱ्हाट्या पेटवलेल्या मला दिसत होत्याच.

प्रयोगशाळेत कागद डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात ठेवले, वजनं केली. पीएम-१०, म्हणजे ही दहा मायक्रॉनच्या आतली धूळ, तिची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. आमचा आकडा जरासा खाली. म्हणजे मर्यादेत!

रिपोर्ट घ्यायला ते शेतकरी काका स्वतः आले. सोबत तपासायला मातीही आणलेली, तीही युरियाच्या रिकाम्या पोत्यात. ती घेताच येईना. पोत्यातला नत्र मातीत उतरतो. धुऱ्यापासून आत, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती स्वच्छ पिशवीत आणा, म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, हवा चांगली हाय म्हनता, मंग माह्या कापसावर बसलं ते काय हाय?”

मी डबीतली धूळ काढून पांढऱ्या कागदावर पसरली. भिंगाखाली काळे, चकाकणारे, टोकदार कण. वजन तिन्ही फिल्टरांवरच्या धुळीपेक्षा जास्त. कापसावर बसणारी धूळ हीच, आणि आमच्या आकड्यात ती नाहीच. १९९४ च्या मानकांत एकूण तरंगत्या धुळीलाही मर्यादा होती. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत ती वगळली, पीएम-१० राहिलं आणि अडीच मायक्रॉनच्या आतल्या पीएम-२.५ ची भर पडली. बारीक कण छातीत उतरतात, तेव्हा फुप्फुसांच्या दृष्टीनं हे रास्तच. कापसाला फुप्फुसं नसतात.

वरिष्ठांशी थोडं वाजलं. ‘मागितलंय तेवढंच द्यायचं’ असं त्यांचं म्हणणं. शेवटी डबीतल्या धुळीचं वजन शेऱ्यात गेलं, ‘मर्यादेत’ हा शब्द मात्र राहिला. तो खरा होता, काढणार कसा?

खाली बसणाऱ्या धुळीसाठी वेगळी चाचणी असते. तोंड उघडी बरणी महिनाभर उंचावर ठेवायची, जमेल ते सुकवून तोलायचं. ग्रामपंचायतीनं तसं पत्र दिलं आणि बरणी त्याच स्लॅबवर बसवली. पक्षी बसू नयेत म्हणून भोवती तारेचं कडं. काकांना एवढंच विचारायचं होतं, की महिन्याच्या मधात पाऊस आला तर बरणी झाकायची काय? झाकायची नाही, म्हटलं. पावसासोबत खाली येतं तेही मोजायचं असतं.