विरून जाणाऱ्या सुराला धरून ठेवणारी माणसं

क्लासिकल गिटारबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, ती म्हणजे हे वाद्य मुळात फार हळू आवाजाचं आहे आणि त्याचा सूर टिकत नाही. तार छेडली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. व्हायोलिनवाला गज ओढत राहतो, बासरीवाला फुंक चालू ठेवतो, गाणारा दम असेपर्यंत सूर लावून धरतो, पण गिटारवाल्याच्या हातात एकदा तार सोडल्यावर फारसं काही उरतच नाही, डाव्या बोटाने थोडा कंप दिला तर दिला. मला जे जे वादक जिवापाड आवडतात त्या प्रत्येकाने या एकाच अडचणीवर आपापला तोडगा काढलेला आहे, आणि त्या नजरेने ऐकायला लागल्यापासून मला त्यांचं वाजवणं कितीतरी जास्त कळायला लागलंय.

सुरुवात स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगापासून (१८५२–१९०९). नाव ऐकलं नसेल तरी त्याची धून तुम्ही हजारदा ऐकली आहे, कारण नोकियाची ती जुनी रिंगटोन त्याच्याच ‘ग्रान वाल्स’मधून घेतलेली आहे. पण त्याचं खरं काम म्हणजे ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’. यात ट्रेमोलो आहे, म्हणजे अंगठा खालचे सूर वाजवतो आणि लगेच अनामिका, मधलं बोट, तर्जनी असे तीन आघात एकाच तारेवर पडतात, परत अंगठा, परत तीन, हे अखंड चालू. एक सूर विरायच्या आत तोच सूर पुन्हा छेडला गेल्यामुळे कानाला सलग लांबलेला सूर ऐकू येतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन माणसं वाजवतायत असंच वाटतं. इथे कान एका जागी लावा. ते तीन आघात सारख्या वजनाचे आणि सारख्या अंतराने पडतायत का? अनामिका बहुतेकांची कमजोर असते, ती जरा मागे पडली की सगळं लंगडायला लागतं. डेव्हिड रसेल किंवा आना विदोविच या गिटारवादकांकडून हे ऐकलं की सरळ धार पडावी तसा सूर येतो.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो पॅराग्वेचा आगुस्तिन बारियोस. १८८५ चा जन्म, १९४४ मध्ये एल साल्वादोर देशातल्या सान साल्वादोरमध्ये वारला. बहुतेक आयुष्य लॅटिन अमेरिकेत गावोगाव फिरत वाजवत राहिला, ३०च्या दशकात तर डोक्यावर पिसांचा मुकुट घालून, आगुस्तिन हे नाव उलटं करून आणि पुढे मांगोरे जोडून, ‘नित्सुगा मांगोरे’ म्हणून स्टेजवर यायचा. लोकांना तमाशा वाटला असेल, पण वाजवणं आणि लिहिणं दोन्ही पहिल्या दर्जाचं. ‘ला कातेद्राल’चे दोन भाग १९२१ मधले, त्यात आधी चर्चमधल्या ऑर्गनसारखे भारदस्त कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, येतात आणि मग बाहेरच्या रस्त्याची धावपळ सुरू होते. १९३८ मध्ये त्याने याच्याआधी अजून एक भाग जोडला आणि तो माझ्या मते तिन्हीत सुंदर आहे. आणि त्याची शेवटची मानली जाते ती रचना, ‘उना लिमोस्ना पोर एल आमोर दे दिओस’, देवाच्या नावाने भीक घाला. दारावर कुणीतरी ठोठावतंय तसे खालचे सूर पुन्हा पुन्हा येत राहतात आणि वर ट्रेमोलोत धून चालू असते. मी हे ऐकताना दुसरं काही करूच शकत नाही, हातातलं काम आपोआप थांबतं.

बारियोस धातूच्या तारा वापरायचा आणि युरोपच्या मोठ्या स्टेजवर त्याची वट नव्हती. ती वट होती स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हियाची. सेगोव्हियाचं ऋण कुणीच नाकारू शकत नाही. १९३५ मध्ये पॅरिसला बाखची ‘शाकोन’, जी मूळ एकट्या व्हायोलिनसाठी आहे आणि पाऊण तास नाही पण चांगली पाव तासाच्या आसपास चालते, ती त्याने गिटारवर वाजवली आणि हे वाद्य गंभीर संगीताचं आहे की नाही हा वाद जवळपास मिटवला. आतड्याच्या तारा जाऊन नायलॉनच्या तारा आल्या त्यातही त्याचा मोठा हात होता. माइक न घेता मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवायचा, आणि तरी लोक कान देऊन बसायचे, कारण त्याचा एकेक सूर गोल, भरलेला, नखाचा खरखराट नसलेला. मात्र त्याने बारियोसच्या रचना आपल्या कार्यक्रमात घेतल्या नाहीत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच्या एका कार्यक्रमाने बारियोसचं आयुष्य बदललं असतं.

ते काम शेवटी सेगोव्हियाच्याच शिष्याने केलं. मेलबर्नमध्ये १९४१ साली जन्मलेल्या जॉन विल्यम्सने १९७७ मध्ये अख्खी रेकॉर्ड फक्त बारियोसची काढली आणि तिथून पुढे बारियोस जगभर वाजायला लागला. विल्यम्स गुरूच्या उलट, सरळ माइक आणि स्पीकर वापरायचा, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमनने बनवलेली मोठ्या आवाजाची गिटार वाजवायचा. काहींना तो थंड वाटतो, मला नाही वाटत. इतकी स्वच्छ बोटं असली की रचना कशी बांधली आहे ते आरपार दिसतं.

ज्युलियन ब्रीम (१९३३–२०२०) मात्र वेगळाच माणूस. त्याचा उजवा हात बघत राहावा असा, एकाच ओळीत ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे खाली बांधलेल्या असतात तिथे, जाऊन पत्र्यासारखा कडक आवाज काढेल आणि लगेच फ्रेटबोर्डकडे, म्हणजे डावी बोटं तारा दाबतात त्या पट्टीकडे, सरकून तोच सूर मऊ करेल. सूर लांबवता येत नाही ना, मग त्याचा रंग बदला, हा त्याचा तोडगा. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९६३ मध्ये त्याच्यासाठी ‘नॉक्टर्नल’ लिहिलं, जॉन डाउलंडच्या झोपेवरच्या एका जुन्या गाण्यावर, आणि गंमत अशी की आधी सगळ्या व्हेरिएशन, म्हणजे त्याच गाण्याची बदललेली रूपं, येतात, बेचैन, दचकणाऱ्या, आणि मूळ गाणं येतं सगळ्यात शेवटी. पहिल्या ऐकण्यात काही कळणार नाही, सोडू नका. ब्रीम लूट हे गिटारसारखं जुनं युरोपियन तंतुवाद्यही वाजवायचा आणि अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदबरोबर त्याने लूट घेऊन केलेली एक जुगलबंदी आहे, ती आपल्याकडच्या लोकांनी जरूर शोधावी, दोघंही एकमेकांचं किती लक्ष देऊन ऐकतायत ते चेहऱ्यावर दिसतं.

फ्रान्सची ईडा प्रेस्ती फक्त ४२ वर्षांची असताना १९६७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर वारली. नवरा अलेक्झांडर लागोयाबरोबरची तिची ड्युएट ऐकली की दोन गिटार एका श्वासाने चालतात म्हणजे काय ते समजतं. जुन्या रेकॉर्डिंगची खरखर आहे, चालवून घ्या.

आणि हळू आवाजाचं वाद्य वगैरे जे वर लिहिलं ते नागासाकीच्या काझुहितो यामाशिताला बहुतेक कुणी सांगितलंच नव्हतं. मुसोर्ग्स्कीचं ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’, जे आपण बहुतेक वेळा पूर्ण ऑर्केस्ट्राकडून ऐकतो, ते त्याने विशीच्या आसपास असताना एकट्या गिटारवर आणलं. क्लासिकल गिटारमध्ये उजव्या हाताची करंगळी जवळपास वापरतच नाहीत, याने तिच्यावर ट्रेमोलो सोपवला आणि बाकीची बोटं दुसऱ्या कामाला मोकळी केली. तारा आपटतात, आवाज मध्येच फाटतो, आणि त्यामुळेच नाक मुरडणारे भरपूर आहेत. मला तो फाटलेला आवाजसुद्धा हवा असतो. शेवटच्या ‘ग्रेट गेट’ या भागाला त्याचे कॉर्ड असे कोसळतात की एवढं सगळं सहा तारांतून येतंय हे पटायला व्हिडिओच बघावा लागतो, आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावूनच बघा.