मागचा ब्रेक धरत होता

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या कच्च्या वाटेवर गाडी ओढेना, तेव्हा आधी क्लचवर संशय आला. उतरलो तर मागून करपल्याचा वास. डिस्कवर पाणी शिंपडलं, चर्रर्र झालं. बाभळीखाली अर्धा तास थांबल्यावर चाक मोकळं. चार किलोमीटरवर पुन्हा तेच.

डर्ट बाईक जुनी, सेकंडहँड घेतलेली. मी पॅड बदलले, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना साफ केल्या, पिस्टनची रबरं नवी घातली. दोन रविवार गेले, फरक काडीचा नाही.

शेवटी ओळखीच्या मेकॅनिक मामांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "धरल्यावर निप्पल, ऑइल सोडायचा तो स्क्रू, सोडून बघितलास का?"

नव्हतं बघितलं. होटगी रोडला गाडी पिदाडली आणि ब्रेक धरल्याबरोबर कॅलिपरचं निप्पल, फडकं धरून, पाव फेरा सोडलं. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक लगेच सुटलं.

"मग कॅलिपर कशाला खोलत बसलास? प्रेशर वर अडकलंय की."

वर म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये. पेडल दाबलं की ऑइल कॅलिपरकडे ढकलतो तो हा भाग. त्यात ऑइलच्या डबीखाली दोन भोकं असतात. एक मोठं, एक सुईच्या टोकाएवढं. पेडल सोडल्यावर तापून फुगलेलं ऑइल त्या बारक्या भोकातून डबीत परत जातं. ते बुजलं की पॅड डिस्कला घासतच राहतात, ऑइल आणखी तापतं, आणखी फुगतं, ब्रेक आणखी घट्ट. गार झालं की सुटतो, तो यामुळेच. पेडलचा रॉड ताणून बसवला असेल तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेच भोक झाकलं जातं. म्हणून मामांनी आधी रॉडची ढिल पाहिली. ती बरोबर होती.

डबी उघडली तर ऑइल काळ्या चहासारखं, तळाशी गाळ. पिस्टन अडवणारी कडी (सर्कलिप) काढून पिस्टन बाहेर घेतला. मी पेट्रोलची बाटली उचलली, तर मामांनी हात धरला. पेट्रोलने ब्रेकची रबरं फुगतात. धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. वायरीतली तांब्याची एकच तार त्यांनी वरून भोकात हलक्या हाताने फिरवली. लोखंडी तार आत ओरखडे पाडते. मग डबीवर टॉर्च धरली आणि सिलिंडरच्या अंधारात मोहरीपेक्षाही बारीक उजेडाचा ठिपका दिसला. तो पाहून इतका आनंद झाला की काय सांगू!

नवं डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं, हवा काढली, हिप्परग्याला जाऊन आलो. चाक मोकळं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून डबीच्या झाकणावर मार्करने तारीख लिहिलीये. दोन वर्षांनी बदलायचं.