एमडीची थिसिस, रक्तवाढीच्या गोळ्या आणि चंदगडला गेलेल्या माझ्या पेशंट : माझा अनुभव

ज्युनिअर बॅचचे सिनॉप्सिस (थिसिसचे आराखडे) सुरू झालेत आणि रोज कुणीतरी विचारतंय की दीदी तुमची थिसिस कशी झाली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, परत परत व्हॉइस नोट पाठवायला नको. मी मूळची निपाणीची, बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी केलं. विषय असा की गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात त्या त्या खरंच घेतात का, आणि घेतल्या तर आठव्या महिन्यापर्यंत हिमोग्लोबिनमध्ये काय फरक पडतो. भाग खानापूर तालुका, त्यातही जांबोटी-कणकुंबीकडचा.

विषय ऐकून माझ्याच बॅचमेट्सनी तोंड वाकडं केलं होतं. अ‍ॅनिमिया? परत? लायब्ररीतलं एक अख्खं कपाट या विषयाच्या थिसिसनी भरलंय हे खरंच आहे. पण आमच्या गाईड मॅडमनी पहिल्याच मीटिंगला २००६ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव टाळणाऱ्या औषधाचा, पेपर समोर ठेवला. तो आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला आहे, १६२० बायका, खेड्यात बाळंतपण करणाऱ्या एएनएम सिस्टर (उपकेंद्रातल्या नर्स) आणि बाळ झाल्यावर लगेच तोंडाने द्यायच्या गोळ्या, बस्स. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, म्हणजे १८ बायकांना औषध दिलं की एकीचा रक्तस्राव टळतो. २०११ ला डब्ल्यूएचओने याच कामासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मॅडम म्हणाल्या, "हा अभ्यास उपकेंद्रातल्या सिस्टरांच्या जिवावर झालाय, मशीनच्या नाही. तू फक्त बायकांच्या मागं शेवटपर्यंत राहा." तेव्हा मी मान हलवली, शेवटपर्यंत म्हणजे काय ते नंतर कळलं.

सॅम्पल साइजचा फॉर्म्युला सगळ्यांचा तोच, फोर पी क्यू भागिले डी स्क्वेअर (पी म्हणजे आधीच्या सर्व्हेतलं प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालेल एवढी एरर). एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य सर्व्हेमध्ये कर्नाटकातल्या गरोदर बायकांत अ‍ॅनिमिया ४५.७ टक्के दिलाय, तो पी घेतला आणि एरर ५ टक्के अ‍ॅब्सोल्युट धरली की ३९७ येतात. तीच एरर पीच्या १० टक्के अशी रिलेटिव्ह धरली की आकडा पावणेपाचशेवर जातो. डिपार्टमेंटमध्ये सगळे अ‍ॅब्सोल्युट धरतात कारण पेशंट कमी लागतात, यात फार काही शास्त्र नाही. वर १० टक्के गळती, म्हणजे अभ्यासातून मधेच सुटणाऱ्या बायका, धरून ४३७. ही १० टक्के कुठून आली विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, मागच्या वर्षीच्या सिनॉप्सिसमध्ये होती म्हणून यंदाच्या पण असते. याच आकड्याने पुढे माझा घाम काढला.

एथिक्स कमिटीची (अभ्यासाला परवानगी देणारी समिती) सगळ्यांना भीती असते, मला उलट ती मीटिंग आवडली. डॉक्टर मेंबरांनी सॅम्पलिंगवर दोन-चार प्रश्न विचारून सोडून दिलं. पण त्या कमिटीत वकील असतात, बाहेरचा एक सामान्य माणूस असतो, तर त्या सामान्य माणसाने सरळ विचारलं की तुमचा कन्सेंट फॉर्म इंग्लिश आणि कन्नडमध्ये आहे, जांबोटीकडच्या बायका काय वाचणार? बरोबरच होतं की. मग मराठी फॉर्म, तो दुसऱ्याकडून परत इंग्लिशमध्ये करून ताडून बघणं, आणि जिला वाचता येत नाही तिच्यासाठी अंगठा आणि सोबत कुणीतरी त्रयस्थ साक्षीदार, तोही आमच्या टीमबाहेरचा. अंगणवाडीच्या मदतनीस मावशींना साक्षीदार करायचं तर त्यांनी आधी फॉर्म पूर्ण ऐकला पाहिजे, आणि एका मावशींनी ऐकून मलाच विचारलं, "एवढं सांगून मग कोण रक्त देतंय ओ?" तरी दिलं, बहुतेकींनी दिलं.

मधे आयसीएमआरच्या चेन्नईच्या एनआयई या संस्थेचा तो पीजीच्या विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन रिसर्च कोर्स, बीसीबीआर. लेक्चर बघा, असाइनमेंट द्या, सेंटरवर जाऊन परीक्षा द्या. पहिल्या वर्षीच उरकून टाका, पुढे वेळ मिळत नाही. एवढंच.

खरं काम फील्डवर. पावसाळ्यात कणकुंबीकडे जाणं म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको, छत्री उघडून उपयोग नाही आणि मिटून पण नाही. एएनसीच्या (गरोदरपणातल्या तपासणीच्या) दिवशी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बायका यायच्या. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आल्यापासून बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळे सासू, नणंद, शेजारीण सगळ्या सोबत, आणि प्रश्न मी सुनेला विचारायचा आणि उत्तर सासूने द्यायचं असा कारभार.

गोळी घेतली का विचारलं की सगळ्यांचं उत्तर "घेतो की". १८० गोळ्या गरोदरपणात, १८० बाळंतपणानंतर, प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, हे मला पाठ आणि आशाताईंना माझ्यापेक्षा जास्त पाठ. पण थिसिसला "घेतो की" चालत नाही, पिल काउंट लागतो, म्हणजे घरी जाऊन स्ट्रिप मोजायच्या. एका घरी सुनेने स्ट्रिप आणल्या त्या रव्याच्या डब्यातून, वरून रवा झटकत झटकत, आणि सगळ्या भरलेल्या, एक गोळी कमी नाही. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तुजं लगीन झालंय काय? लोखंडाच्या गोळीनं बाळ मोठं हुतंय, मग डॉक्टर सिझर करतंय. खर्च कोण करणार?" सून मान खाली घालून हसत होती. नंतर बाहेर चपला घालताना ती हळूच म्हणाली की मॅडम सुरुवातीला घेतल्या होत्या, पण संडास काळी झाली आणि पोटात मळमळ, भीती वाटली. म्हणजे सासूचं कारण वेगळं आणि तिचं वेगळं, आणि माझ्या फॉर्ममध्ये कारणाला रकाना एकच. काळी संडास लोहामुळेच होते, घाबरायचं काही नाही, गोळी जेवणानंतर घे, चहाबरोबर नको आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, एवढं आधीच कुणी नीट सांगितलं असतं तर निम्म्या स्ट्रिप रव्यात गेल्या नसत्या असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशीच फॉर्ममध्ये दोन रकाने केले, एक बाईचं कारण आणि एक घरच्यांचं. पायलट (आधीची छोटी चाचणी) चालू होता म्हणून जमलं, मेन स्टडीत परवानगीशिवाय असं मधेच काही बदलता येत नाही.

आता गळती. सातव्या महिन्यात ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते हे जगाला माहीत आहे. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी सुनांचं माहेर चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडं, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे दुसरं राज्य. रोटीबेटीला सीमा नाही पण आमच्या रजिस्टरला आहे. इकडं तिच्याकडे तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदरपणाचं कार्ड), तिकडं गेल्यावर महाराष्ट्राचं कार्ड, इकडच्या आशाताईला तिकडचं काही कळत नाही आणि माझं आठव्या महिन्याचं हिमोग्लोबिन लटकलं. माझे १० टक्के कधीच संपले. एक्सेल उघडलं की उजवीकडच्या कॉलममध्ये नुसती रिकामी घरं दिसायची, आणि कुठल्या बायकांची? सगळ्या वीस-बावीसच्या, पहिल्या खेपेच्या.

एका सीनिअरने सल्ला दिला की आधीच्या व्हिजिटच्या एचबीत (हिमोग्लोबिनमध्ये) थोडं इकडं तिकडं करून भरून टाक, कोण बघतंय. खरं सांगायचं तर कुणीच बघत नाही. पण स्ट्रिप मोजायला एवढं फिरून मग शेवटी आकडे घरी बसून करायचे तर मग पहिल्या दिवशीच घरी बसले असते.

मॅडम म्हणाल्या अमेंडमेंट टाक. म्हणजे परत एथिक्स कमिटी : काय बदलणार, का बदलणार, नवा प्रोटोकॉल ज्यात बदल हायलाइट केलेले, नवा कन्सेंट. माहेरी गेलेल्या बाईला फोन करायचा, गोळ्या विचारायच्या, आणि तिची परवानगी असेल तर तिकडच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागायचा. पुढच्या मीटिंगपर्यंत थांबावं लागलं आणि तेवढ्यात इकडं बायका बाळंत होत होत्या, त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. परवानगी आली तर अर्ध्या नंबरांवर नवऱ्याने फोन उचलला, तो गोव्यात कामाला, त्याला बायकोची गोळी सोडा, ड्यू डेट पण नक्की माहीत नाही. मग त्याच्याकडून सासऱ्याचा नंबर, तिकडून मेव्हण्याचा, असं करत करत ती. एकदा लाइनवर आली की मात्र छान बोलायच्या, माहेरी असल्यामुळे असेल, सासू शेजारी नाही. गोळ्यांची सगळ्यात खरी उत्तरं मला फोनवरच मिळाली.

फोटो आले. आणि आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी ते बघून हात वर केले. कार्डावर एचबी १०, १०.५, ११ असे गोल आकडे, म्हणजे बहुतेक साहली या जुन्या पद्धतीने डोळ्यांनी रंग जुळवून काढलेले, आणि माझे डिजिटल मीटरवरचे १०.३, ९.८. हे दोन्ही एका टेबलात घालायचे नाहीत, म्हणाले. मी वाद घातला, रडायची पण वेळ आली होती, पण ते बरोबर होते. शेवटी ठरलं की मेन अ‍ॅनालिसिस फक्त माझ्या मीटरवर मोजलेल्यांचं, आणि माहेरी गेलेल्यांचं वेगळं टेबल, त्यांची वयं, कितवी खेप, पहिल्या व्हिजिटचं एचबी.

मेन रिझल्ट आला पी व्हॅल्यू ०.०८, म्हणजे ०.०५ च्या वर, फरक पक्का आहे असं म्हणता येत नाही. डिपार्टमेंटमध्ये एकदम सुतक. दोन-चार आऊटलायर (फार वेगळे आकडे) काढ की येईल खाली असं सांगणारे लगेच जमा झाले. सर म्हणाले सिनॉप्सिसमध्ये जे अ‍ॅनालिसिस लिहून दिलंय तेच होणार. वेगळ्या टेबलात मात्र स्पष्ट दिसत होतं की ज्या गळाल्या त्या वयाने लहान, पहिलटकरणी, आणि पहिल्याच व्हिजिटला त्यांचं एचबी बाकीच्यांपेक्षा कमी. म्हणजे आमच्या तालुक्याचा जो आकडा आम्ही छान म्हणून मिरवतो तो राहिलेल्या बायकांचा आहे, सगळ्यात अशक्त ज्या होत्या त्या बसने चंदगडला गेल्या. आणि बाकीच्या कितीतरी थिसिसमध्ये ही बाब "लॉस्ट टू फॉलोअप" या एका ओळीत उरकलेली असते.

पण कॉलेजला हवा असतो पेपरचा आकडा. एनआयआरएफ या सरकारी कॉलेज क्रमवारीच्या मेडिकल रँकिंगमध्ये रिसर्चला ३० टक्के वजन आहे, त्यामुळे वरून दर थोड्या दिवसांनी एक एक्सेल शीट येते, तुमचे पब्लिकेशन किती, स्कोपस (जर्नलची एक मान्यताप्राप्त यादी) आहे का, आणि विद्यार्थी त्यात मोजण्यापुरता. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) २०२३ च्या नियमात पोस्टर, पोडियम किंवा पेपर यांपैकी एक झालं की परीक्षेला बसता येतं, मी पोस्टर केलं होतं, तरी "पेपर कधी" संपत नाही. मेल तर रोज, डिअर एमिनंट रिसर्चर, ७२ तासांत अ‍ॅक्सेप्टन्स, फी एवढी. माझ्या ओळखीच्या एकीने असल्याच एका ठिकाणी पैसे भरले, पेपर आला, पुढच्या वर्षी जर्नलची वेबसाइटच गायब. ऑथर कोण कोण यावरून पण गोडगोड बोलत भांडण होतं. मी आयसीएमजेईचे (मेडिकल जर्नलच्या संपादकांची समिती) ऑथर कोण ते ठरवणारे चार निकष प्रिंट काढून मॅडमच्या टेबलावर ठेवले, त्यांनी न बोलता दोन नावं खोडली आणि स्टॅटिस्टिक्सच्या सरांचं घातलं. माझ्यात एवढी हिंमत नव्हती.

प्लॅजरिझम चेक : यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत माफ. मेथड्सचा भाग सगळ्यांचा सारखाच असतो त्यामुळे तिथंच लाल होतं, घाबरू नका, आपल्या शब्दांत आपण काय केलं ते लिहा, उतरतं. बाइंडिंग टिळकवाडीत केलं, सोनेरी अक्षरात "खानापूर"चं "खानपूर" झालं होतं, ते परत करून घेतलं. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जाते, तेव्हा बाइंडिंगवाल्याकडे रांग असते हे लक्षात ठेवा.

परीक्षेत एका एक्सटर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) ते १० टक्के कुठून आले विचारलं, मी खरं ते सांगितलं, ते हसले. दुसऱ्या मॅडमनी एवढी जाडजूड थिसिस बाजूला सरकवली आणि विचारलं काय, तर साहलीच्या पिपेटवर मार्क किती असतो. २० मायक्रोलिटर. पास झाले.

पेपर माझा त्या गळालेल्या बायकांच्या टेबलावरच लिहिलाय, आता दुसऱ्या रिव्हिजनला आहे, एका रिव्ह्यूअरला महाराष्ट्राच्या बाजूचा डेटा का नाही ते हवंय. बरोबर विचारलंय, पण त्यासाठी तिकडच्या कुणीतरी पीजीने सोबत यायला पाहिजे. कोल्हापूरला कुणी कम्युनिटी मेडिसिन करत असेल आणि चंदगड भागात फील्ड असेल तर मला मेसेज करा. आणि आपल्या ज्युनिअरनी फॉर्ममध्ये आत्ताच माहेरचं गाव, माहेरच्या एका माणसाचा फोन आणि तिकडच्या आशाताईचा नंबर असे तीन रकाने घाला, ते एथिक्सला पहिल्याच फेरीत पास करून घ्या. माझा कोरा फॉर्म मराठी-कन्नड दोन्हीत आहे, पाहिजे त्याला पाठवते.