प्लग बसला, हार्ड डिस्कही बसली

सांगलीत विश्रामबागेत माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पावसाळ्यात लाइटच्या ये-जा करण्यामुळे आमच्याकडे बंद पडलेल्या एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यांची, रीघ लागते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एका महिन्याच्या 18 तारखेला मार्केट यार्डातले एक हळदीचे अडत व्यापारी आपल्या मुलासह कॅबिनेट घेऊन दुकानात आले, तेव्हा हेही त्यातलेच प्रकरण असेल असे मी गृहीत धरले.

"बघा की जरा," कॅबिनेट टेबलावर टेकवत अण्णा म्हणाले, "परवापर्यंत झकास चालत होतं. आता बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतोय आणि गप्प. 20 तारखेला जीएसटीचा रिटर्न भरायचाय, आणि टॅलीतला सगळा हिशेब ह्याच्यातच हाय."

बॅकअप आहे का, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला की आहे, याच संगणकातल्या दुसऱ्या डिस्कवर, एसएसडीवर, रोज रात्री आपोआप होतो. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता, बोलण्यात चुणचुणीत होता आणि कॅबिनेटही त्याने स्वतःच जोडले होते. बाजूला काच, आत दिवे, आणि एकही केबल लोंबकळत नव्हती. मदरबोर्डच्या मागून फिरवून प्रत्येक केबल पट्टीने बांधलेली होती. धंदेवाईक माणसालाही हेवा वाटावा असे ते काम होते, हे मी त्याला तिथेच सांगितले.

पंखा अर्धा फेरा मारून थांबतो, तेव्हा बहुधा पुढे कुठेतरी शॉर्ट असतो आणि एसएमपीएस स्वतःला बंद करून घेत असतो. मी एकेक जोडणी काढत गेलो. एसएसडी आणि हार्ड डिस्कला वीज नेणारी सॅटा केबल काढताच मशीन सुरू झाले आणि पडद्यावर 'डिस्क सापडली नाही' असा संदेश आला. एसएमपीएस ठणठणीत होता. मग ती केबल हातात घेऊन नीट पाहिली, तर एसएमपीएसच्या इतर केबली गोल आणि जाळीदार वेष्टनातल्या होत्या, आणि ही मात्र चपटी, सगळ्या तारा काळ्या असलेली होती.

"ही ह्याच एसएमपीएसची आहे का रे?"

"नाही सर. ह्याची केबल मागून फिरवल्यावर डिस्कपर्यंत पुरत नव्हती. जुन्या एसएमपीएसची लांब होती, ती लावली. प्लग अगदी बरोबर बसला."

प्लग बसला, हे खरेच होते. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात, त्यांच्याबाबतीत नेमकी इथेच फसगत होते. डिस्क, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या बाजूच्या टोकाला कोणत्या पिनवर किती व्होल्ट यायचे, हे सर्व कंपन्यांसाठी एकच ठरलेले आहे. परंतु एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला तसा कोणताही सर्वमान्य नियम नाही. तिथे प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने तारा लावतो, आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही त्या वेगळ्या असतात. सॉकेटचा आकार मात्र बहुतेक वेळा तोच असल्यामुळे चुकीची केबलसुद्धा 'टक्' असा आवाज करून व्यवस्थित बसते.

मुलाला प्रत्यक्ष दिसावे म्हणून डिस्क न जोडता ती केबल लावून मी एसएमपीएस चालू केला आणि मल्टिमीटर त्याच्याच हातात दिला. सॅटाच्या पंधरा पिनांपैकी 7 ते 9 या पिनांवर 5 व्होल्ट आणि 13 ते 15 या पिनांवर 12 व्होल्ट असायला हवेत. त्याने पहिल्या जागी मीटरची टोके टेकवली आणि मीटरवर 12.1 आले. दुसऱ्या जागी 5.04. त्याने मीटर झटकून पुन्हा मोजले. आकडे तेच आले. अण्णांना आकड्यांतले काही कळले नसावे, पण मुलाचा चेहरा पाहून ते खुर्चीवर बसले.

एसएसडी 5 व्होल्टवर चालते. तिला 12 मिळाले होते आणि ती पूर्णपणे निकामी झाली होती. म्हणजे टॅलीची मूळ प्रत आणि तिचा बॅकअप हे दोन्ही एकाच तारेला टांगलेले होते, आणि तारेने दोघांनाही एका क्षणात गाठले. आशा होती ती हार्ड डिस्ककडून. तिच्या पट्टीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, विजेच्या कनेक्टरजवळ 5 आणि 12 व्होल्टच्या मार्गांवर एकेक संरक्षक डायोड असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो स्वतः शॉर्ट होतो, जास्तीचा प्रवाह ग्राउंडला वळवतो आणि मागच्या चिप वाचवतो. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे सरळ जोड सापडला की वाजेल असा, ठेवून 5 व्होल्टच्या डायोडवर टेकवला, तर तो अखंड वाजत राहिला. पंखा अर्ध्या फेऱ्यात का थांबत होता, याचे उत्तर तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या त्या काळ्या तुकड्यात होते.

मुलाने तोवर मोबाइलवर त्याच मॉडेलची जुनी पट्टी विकत घेऊन बदलण्याची चौकशी केली होती. तसे सरळ चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची स्वतःची मापे पट्टीवरच्या एका चिपमध्ये नोंदलेली असतात आणि ती चिपही काढून नव्या पट्टीवर लावावी लागते. मी गरम हवेने डायोड उचलला, मीटरचा आवाज थांबला, आणि डिस्क दुकानातल्या चाचणीच्या एसएमपीएसला जोडली. एक-दोन सेकंद काहीच झाले नाही. मग तबकड्या फिरू लागल्याचा तो बारीक, चढत जाणारा आवाज आला. डायोड नसलेली डिस्क म्हणजे फ्यूजच्या जागी तार घातलेले घर, त्यामुळे दुसरे काहीही करण्याआधी टॅलीचे सगळे फोल्डर नव्या डिस्कवर उतरवून घेतले.

नवी डिस्क बसवताना ग्राफिक्स कार्डची केबल बाजूला सारावी लागली, आणि बोटांना तिच्यात मध्येच एक गाठ लागली. माझ्या मते त्या दिवशीची खरी गंभीर गोष्ट डिस्क नव्हती, ही गाठ होती. वेष्टन सोडले, तर आठही तारा एकाच जागी कापून, नुसत्या पिळून, इन्सुलेशन टेपने गुंडाळून लांब केलेल्या होत्या. तारांचा क्रम त्याने अचूक जुळवला होता, म्हणून कार्ड चालत होते. परंतु 12 व्होल्टच्या तीन जोडांपैकी एकावरची टेप तपकिरी होऊन पापडासारखी कडक झाली होती, आणि उरलेले दोन जोड हलके ओढताच हातात आले.

त्याच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. आठ पिनांच्या या केबलवर कार्ड 150 वॅटपर्यंत घेऊ शकते, म्हणजे 12.5 अँपिअर; तीन तारांत वाटले की प्रत्येकीला चारच्या आसपास येतात. दोन जोड सैल झाले की बहुतेक भार तिसऱ्यावर जातो. त्या जोडाचा रोध 0.1 ओहम आणि प्रवाह 8 अँपिअर धरला, तरी तिथे 6.4 वॅट उष्णता सतत तयार होते, आणि तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत. माझे सोल्डरिंगचे यंत्र 25 वॅटचे आहे.

"पण सर, एसएमपीएसला शॉर्ट प्रोटेक्शन आहे ना?"

प्रश्न योग्य होता. मात्र 650 वॅटचा एसएमपीएस 12 व्होल्टवर पन्नासच्या वर अँपिअर देऊ शकतो. बारा अँपिअरमध्ये एखादा जोड तापत असला, तरी त्याच्या दृष्टीने सगळे सुरळीतच चाललेले असते. डिस्क जळाली ती दिवसाढवळ्या, सर्वांसमोर. हा जोड एखाद्या रात्री, मुलगा खेळ डाउनलोडला लावून झोपलेला असताना पेटला असता.

बोलता बोलता त्याने सांगून टाकले की पुढच्या सुट्टीत एसएमपीएस उघडून आतूनच लांब तारा सोल्डर करण्याचा त्याचा बेत होता. त्यावर मी त्याला ड्रॉवरमधला माझा जुना स्क्रू ड्रायव्हर दाखवला. मिरजेत उमेदवारी करत असताना, प्लग काढलेला आहे म्हणून निर्धास्तपणे एका एसएमपीएसमध्ये तो घातला होता. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात, हे मला त्या क्षणी कळले. टोकाचा उडालेला टवका अजून तसाच आहे.

लांबीच हवी असेल तर तयार एक्स्टेन्शन केबल मिळते, तिची दोन्ही टोके ठरलेल्या नियमाची असतात आणि पिना यंत्राने दाबलेल्या असतात, एवढे सांगून मी तशी एक त्याच्या कार्डला लावली. एसएमपीएसची मूळ सॅटा केबल मागून न फिरवता समोरून नेली. काचेतून ती दिसत होती आणि मुलाला ते खुपत होते, पण तो काही बोलला नाही.

संध्याकाळी अण्णांनी टॅली उघडून शेवटची नोंद तपासली आणि बिल हातात घेतले. "डायोड काढण्याचे पैसे? बसवायचे ऐकलं होतं, काढायचेबी लागतात व्हय?" असे म्हणत त्यांनी हसतच पैसे मोजले. ती चपटी काळी केबल मुलाने परत मागितली. मी तिची दोन्ही टोके कात्रीने कापली आणि मधली तार तेवढी त्याच्या हातात दिली.