किती उरलंय?

गाडी घरी आणली त्या दिवशी पेढे वाटून झाले, नारळ फुटला, चाकाखालचं लिंबूही चिरडलं गेलं. आई मागच्या सीटवर बसल्या, पदर सावरला आणि पुढे वाकून समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "किती उरलंय?"

"अगं आई, आत्ताच तर शोरूममधून आणलीय," नवरा म्हणाला.

"ते कळलं रे. पण उरलंय किती?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यात साधी सायकलही चालवलेली नाही. नवऱ्याने मात्र ही विजेची एसयूव्ही घेण्याआधी सहा महिने अभ्यास केला होता. किलोवॅट, टॉर्क, बॅटरीतली रसायनं, सगळं तोंडपाठ. पण या गाडीबरोबर रोज नांदायचं तर जो एकच प्रश्न खरा आहे, तो आईंनी पहिल्या दोन मिनिटांत विचारून टाकला होता.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. आई अजून नानांचं नाव घेत नाहीत, फारच आग्रह झाला तर उखाण्यात. तीच रीत मी गाडीला लावते. ज्याच्याबरोबर संसार करायचा त्याच्याबद्दल चारचौघांत बरंवाईट बोलायचं, तर नाव न घेतलेलंच बरं. एवढं सांगते की पाच माणसांची आहे, मधल्या बांध्याची आहे, पाटी हिरवी आहे आणि बॅटरी चाळीस युनिटच्या आसपास. २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली आणि चौकोनी कुटुंबाला जमेल अशा किमतीत विजेची उंच गाडी मिळू लागली. त्यानंतर या घराण्यात जी भावंडं वाढली, त्यांतलीच आमची एक.

कंपनीच्या कागदावर एका चार्जमध्ये साडेचारशेहून जास्त किलोमीटर लिहिलेत. आम्हाला मिळतात पावणेतीनशे, फार तर तीनशे. यात फसवणूक नाही, पण गंमत आहे. कागदावरचा हा आकडा गाड्यांची चाचणी घेणाऱ्या ज्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो ती एआरएआय आमच्याच पुण्यात, आमच्याच टेकडीवर. कोथरूडची निम्मी माणसं सकाळी 'एआरएआयच्या टेकडीवर' फिरायला जातात, पण तिथे मोजतात काय हे पायथ्याशी काकडीचा रस पिणाऱ्याला ठाऊक नसतं. चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही. ती जागच्या जागी रोलरवर फिरते, ठरलेल्या तालात वेग वाढवते, कमी करते, आणि ताशी नव्वदच्या वर जात नाही. मागे कुणी "एसी वाढव" म्हणत नाही, टपावर वारा नाही, कात्रजचा चढ नाही, डिकीत देवगडच्या पेट्या नाहीत. पत्रिकेतले छत्तीस गुण आणि प्रत्यक्षातला संसार यांत जेवढं अंतर, तेवढंच हे. आमच्या संसारात तर अठराच जुळले होते, तरी चाललाय.

तर किती उरलंय हे कसं ओळखायचं?

आईंचं तारुण्य सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत गेलं. नानांचा कारकुनाचा पगार, रेशनचं रॉकेल, नंतर कधीतरी गॅस. तेव्हा एकच सिलिंडर असायचा आणि नंबर लावल्यावर दुसरा कधी येईल ते सांगता येत नसे. सिलिंडरची एक खोड आहे. आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे ज्योत पहिल्या दिवशी जशी तशीच शेवटच्या आदल्या दिवशी. बघून काही कळत नाही, आणि संपतो तो बरोबर पुरणाला चटका देताना. आई सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवायच्या. रिकामा भाग पटकन वाळतो, गॅस असलेला भाग थंड म्हणून ओला राहतो. त्या रेषेवर बोट ठेवून त्या सांगायच्या, "आठ दिवस जातील. पाहुणे आले तर सहा."

आमच्या गाडीची बॅटरी लोह-फॉस्फेटच्या जातीची आहे, आणि तिचीही खोड नेमकी हीच. भरलेली असो की निम्मी, तिचा व्होल्टेज फारसा हलत नाही. मग आतला संगणक गेलेल्या-आलेल्या विजेचा हिशोब मांडत बसतो आणि हळूहळू त्याचा हिशोब चुकत जातो. म्हणून सांगतात, अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरा, म्हणजे त्याला खरा आकडा कळेल. नवरा हे मला व्होल्टेजचा आलेख काढून समजावत होता. आई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे सिलिंडरच की. ओलं फडकं मारा." तेव्हापासून आमच्याकडे रविवारी गाडी शंभर टक्के भरण्याला 'फडकं मारणं' म्हणतात.

घरच्या चार्जिंगसाठी सोसायटीची परवानगी लागली, त्या महाभारतात मी शिरत नाही. वाहनतळातल्या एका प्लगवरून तीन सभा झाल्या. एका काकांनी "उद्या कुणी गिरणी लावेल" असा मुद्दा मांडला होता, एवढंच नोंदवते. शेवटी गाडीसाठी वेगळा मीटर घेतला, आणि तोच शहाणपणाचा निर्णय. घरच्याच मीटरवर भरली असती तर महिन्याचा वापर तीनशे युनिट ओलांडून वरच्या दरात गेला असता आणि गाडीच्या पापाची शिक्षा फ्रिजला झाली असती. महिन्याला आमचं हजारेक किलोमीटर होतं, मीटरवर एकशे साठ-सत्तर युनिट पडतात. जुन्या गाडीत सात हजारांचं पेट्रोल जायचं, तिथे आता दीड हजाराच्या आसपास. हे मी माहेरी जरा मोठ्याने सांगते. विमा जास्त पडतो आणि अंगाच्या वजनाने टायर लवकर झिजतात, हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

आता रोजचं. उंची आईंच्या गुडघ्यांना मानवते. खाली वाकायचं नाही, वर चढायचं नाही, सोफ्यावर टेकावं तसं टेकायचं. मात्र बॅटरी जमिनीखाली पसरलेली असल्याने मागच्या सीटपुढची जमीन वर आलीय. उंच माणूस मागे बसला की त्याचे गुडघे पंगतीत पाटावर बसल्यासारखे वर येतात. डिकी मोठी आहे, कारण स्टेपनी नाही. तिच्या जागी एक पंक्चर काढायची पिशवी दिलीय. ती पिशवी बघून माझा धीर वाढण्याऐवजी कमीच झाला. गतिरोधकांवरून मात्र पोट घासत नाही, आणि पुण्यात राहायचं तर हा गुण बाकीच्या दहा गुणांवर भारी.

आवाजाचं काय सांगू? आवाज नाही हेच सांगण्यासारखं आहे. आमच्या वाहनतळातली कुत्री गाडीखाली झोपतात. जुनी गाडी घरघरली की ती उठून, आळस देऊन निघून जायची. ही सुरू झाली तरी त्यांना पत्ता नाही. आता मी रोज सकाळी आधी गाडीखाली वाकून "चला, उठा" म्हणते. पेठेतल्या गल्लीत तर पुढे चालणारी माणसं बाजूलाच होत नाहीत. हॉर्न वाजवावा तर दचकतात आणि असं बघतात की आपणच लाजावं. मी काच खाली करून "जरा जाऊ देता का?" असं विचारायला लागलेय. पुण्यात याचा परिणाम जेवढा व्हायला हवा तेवढाच होतो.

आणि एक, आईंना गाडी लागते. एक्सिलरेटरवरून पाय काढला की ही गाडी आपोआप मंदावते आणि त्या मंदावण्यातून वीज परत बॅटरीत भरते. नवऱ्याला हे इतकं आवडलं की त्याने ते सगळ्यांत जोरात लावलं. सिग्नल ते सिग्नल सगळी मान पुढे, मान मागे. डेक्कनपासून स्वारगेटपर्यंत आईंनी दोन आवळासुपाऱ्या संपवल्या आणि मग म्हणाल्या, "अरे, चार पैसे वाचवायला आईला घुसळतोस काय?" त्या दिवसापासून त्या मागे असल्या की ते सगळ्यांत हळू.

खरी परीक्षा झाली दादरच्या लग्नात. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, आणि कार्यालयात चार्जिंगची सोय नाही. निघण्याआधी नवऱ्याने फोनवर पाच अ‍ॅप घेतले, कारण प्रत्येक चार्जरवाल्याचा अ‍ॅप निराळा आणि प्रत्येकात आगाऊ पैसे भरायचे. आईंनी दशम्या घेतल्या.

लोणावळ्याला आलो तेव्हा बॅटरीचा आकडा शंभर टक्क्यांवरून शहात्तरवर होता. मग घाट. खंडाळ्यावरून खाली खोपोलीच्या पातळीला उतरायचं म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरचा उतार. पाच माणसांसकट आमची गाडी इतकी खाली येते तेव्हा हिशोबाने अडीच-पावणेतीन युनिटची ऊर्जा मोकळी होते. जुन्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जायची. आता तिचा काही भाग परत येतो. वळणावळणाने उतरत असताना आकडा शहात्तर, मग सत्त्याहत्तर, खाली पोहोचलो तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मुलगी टाळ्या वाजवत होती. चालता चालता भरणारी गाडी! आई काचेतून डोंगराकडे बघत होत्या. "नाना सांगायचे," त्या म्हणाल्या, "या डोंगरावरून पाणी सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्या चालवल्या."

खरंच आहे ते. वळवण, शिरवटा, लोणावळा या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खोपोलीला उतरवून १९१५ पासून तिथे वीज होते आहे. म्हणजे ज्या उतारावर आमच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, त्याच उताराची वीज शंभराहून जास्त वर्षं कुणी ना कुणी वापरतंय. फरक इतकाच, की पाण्याला परत वर यावं लागत नाही. आम्हाला संध्याकाळी यायचं होतं.

जेवण झालं, रुखवत बघून झालं, "विजेची का? मग पावसात शॉक नाही लागत?" हे सहा जणांनी विचारून झालं. परत निघालो. खालापूरच्या फूड मॉलला पोहोचलो तेव्हा एकोणतीस. समोर घाट, त्यापुढे घर, अजून ऐंशी किलोमीटर. दोन चार्जर होते. एकावर 'बंद' असा कागद, दुसऱ्यावर आमच्यासारखीच हिरव्या पाटीची गाडी, आणि तिच्या मालकाचं थालीपीठ नुकतंच आलेलं.

त्या मालकाचं नि नवऱ्याचं पाच मिनिटांत गोत्र जुळलं. पेट्रोल पंपावर दोन अनोळखी माणसं कधी बोलताना मी पाहिलेली नाहीत, चार्जरवर मात्र सोयरीक जमते. "तुम्हाला किती पडतं?" "ताशी ऐंशीने गेलात तर तीनशे, शंभरने गेलात तर अडीचशे." बायका दशम्या वाटतात, पोरं एकमेकांच्या गाड्यांत बसून बघतात. पूर्वी एसटी बंद पडली की झाडाखाली असाच गाव वसायचा.

आमचा नंबर लागला. नवरा म्हणाला, "ऐंशीपर्यंत भरू. त्याच्यापुढे भरायचा वेग फार कमी होतो."

"होणारच," आई म्हणाल्या. "हंडा भरत आला की नळ बारीक करतोच ना आपण? नाहीतर सांडेल. पण ऐंशी कशाला? इथलं युनिट घरापेक्षा महाग ना?"

"दुपटीच्या वर."

"मग घरी पोचण्यापुरतं घे. वाण्याचं पीठ एका वेळेपुरतं आणायचं. दळण घरी आहे."

नवरा थोडा वेळ गप्प होता. हेच सांगणारे व्हिडिओ त्याने इंग्रजीत, दोन-दोनदा थांबवून, रात्र-रात्र जागून बघितले होते. साठला वायर काढली. घाट चढताना आकडा भराभर उतरू लागला, सत्तावन्न, चोपन्न, एक्कावन्न, आणि मी मनातल्या मनात स्टेअरिंग पुढे ढकलत होते. एसी बंद करू का, असंही एकदा विचारून झालं. आई म्हणाल्या, "चढाला लागतंच. पुढे सपाट आहे." लोणावळ्याला एकोणपन्नास. घरी पोचलो तेव्हा सव्वीस होते आणि आई झोपलेल्या होत्या.

एवढ्या प्रवासात नवऱ्याची भीती गेली. माझी गेली नाही. मी अजून पन्नासच्या खाली आकडा गेला की कुठे चार्जर आहे ते बघते. पगार पाच तारखेला होणार हे माहीत असूनही पंचवीस तारखेला पाकीट चाचपणारी माणसं असतात, त्यांतली मी. बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे म्हणतात. मला रात्रीपुरती मिळाली तरी चालेल.

आमच्या घरात झोपण्याआधीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या एकच होता, "गॅस बंद केलास का?" आता त्याला जोडप्रश्न आलाय. परवा रात्री साडेअकराला आईंच्या खोलीतून आवाज आला, "अगं, गाडी लावलीस का?"

लावली नव्हती. सकाळी मुलीला शिबिराला सोडायला चाकणच्या पुढे जायचं होतं आणि आकडा होता चौदा. गाऊनवर ओढणी घेतली, लिफ्टने खाली गेले, कुत्र्याला जरा बाजूला सरकवलं, वायर खोचली, दिवा हिरवा लुकलुकला आणि वर आले.

"लागली?"

"लागली, आई."

"आणि गॅस?"

मी पुन्हा उठले.